दिव्यांग मुलाची घरातली काळजी सुरक्षित कशामुळे होते?

हॉस्पिटलमध्ये मुलाला एक औषध द्यायचं म्हटलं तरी त्याला बऱ्याच जणांचा हात लागतो. डॉक्टर लिहून देतात, फार्मासिस्ट डोस तपासतो, नर्स औषध काढते, दिल्याची वेळ चार्टवर लिहिते आणि पाळी संपली की पुढच्या नर्सला सगळं सांगून जाते. मग डिस्चार्ज होतो. मूल तेच, औषधं तीच, नाकातली नळी तीच, कफ ओढून काढणारं सक्शनचं यंत्रही तेच. पण कालपर्यंत जे काम शिकलेली पाच-सात माणसं वाटून करत होती, ते आता घरातलं एकच माणूस, बहुतेक वेळा आई, दिवसरात्र करते. तिची पाळी संपत नाही आणि तिने काढलेला डोस दुसरं कुणी बघत नाही.

घरातल्या काळजीबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. या घरांत माया भरपूर असते. तरीही चुका होतात, कारण सगळी काळजी एका दमलेल्या माणसाच्या आठवणीवर उभी असते. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या गोष्टीवर मुलाचा श्वास, अन्न किंवा औषध अवलंबून आहे, ती कुणा एकाच्या डोक्यात राहता कामा नये. ती कागदावर हवी, आणखी एका माणसाच्या हाताला तिची सवय हवी, आणि ठरावीक काळाने ती पुन्हा तपासली जायला हवी.

युनिसेफच्या 2021 च्या अहवालानुसार जगात जवळजवळ 24 कोटी मुलं दिव्यांग आहेत, म्हणजे साधारण दहांत एक. त्यांच्यापैकी बहुतेकांना नळ्या आणि यंत्रं लागत नाहीत. कुणाला चालताना आधार लागतो, कुणाला कानाचं यंत्र, कुणाला बोलण्यासाठी चित्रांचा तक्ता. थोड्या मुलांना मात्र नळीने भरवावं लागतं, घशातल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो, रोज फिट येण्याची शक्यता असते. त्यांनीही घरीच वाढावं हे जगाने तत्त्व म्हणून मान्य केलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात स्पष्ट म्हटलं आहे की दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही. हा हक्क खरा ठरायचा तर घरी सुरक्षित राहण्याची सोयही कुटुंबाला मिळाली पाहिजे.

चांगली काळजी मोजायची कशी?

वैद्यकीय सेवेचा दर्जा तपासण्याची एक पद्धत बैरूतमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले डॉक्टर एव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये मांडली. तीन गोष्टी बघायच्या: हाताशी काय आहे, प्रत्यक्षात काय केलं जातं, आणि त्यातून काय घडतं. पद्धत हॉस्पिटलसाठी होती, पण घरालाही लागू पडते. हाताशी काय आहे, म्हणजे यंत्र चालू आहे का, जास्तीची नळी आहे का, काम शिकलेलं दुसरं माणूस आहे का. काय केलं जातं, म्हणजे भरवताना मूल कसं बसवलं जातं, हात धुतले जातात का, डोस कशाने मोजला जातो. आणि काय घडतं, म्हणजे मुलाचं वजन वाढतंय का, छातीचा संसर्ग किती वेळा झाला, ते शाळेत जातंय का, हसतंय का.

यातली पहिली गोष्ट दिसते, म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात. यंत्र आणलं, बेड आणला, काम झालं असं वाटतं. खरा धोका मधल्या गोष्टीत असतो, रोज दहा वेळा होणाऱ्या साध्या कामांत. त्यातली काही इथे जरा खोलात बघू.

भरवणं

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) किंवा स्नायूंचा आजार असलेल्या अनेक मुलांना गिळायला त्रास होतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात अगदी जवळजवळ असतात. गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद व्हावं लागतं. हे वेळेवर झालं नाही तर घास किंवा पाणी फुप्फुसाकडे जातं. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो आणि तो घास बाहेर येतो. काही मुलांमध्ये ही ठसक्याची यंत्रणाच कमजोर असते. घास चुकीच्या वाटेने जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही. 'त्याला कधी ठसका लागत नाही' हे ऐकून निश्चिंत होऊ नये, ते याच कारणासाठी.

मग कळणार कसं? जेवताना डोळ्यांत पाणी येणं, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, श्वास वाढणं, जेवायला रोज अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, वजन न वाढणं, आणि पुन्हापुन्हा होणारा न्यूमोनिया. यांपैकी काही दिसलं तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला भेटावं. गरज पडली तर गिळताना एक्स-रेची फिल्म काढतात आणि घास नेमका कुठे जातो ते दिसतं.

भरवताना सगळ्यात जास्त फरक पडतो तो बसण्याने. पाठ सरळ, कंबर आणि पाय टेकलेले, डोकं मध्यभागी, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून तोंडात ओतणं सर्वात धोक्याचं, कारण त्या स्थितीत श्वासनलिकेचा रस्ता उघडा पडतो. भरवणाऱ्याने उभं राहू नये. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडं खालीच बसावं, म्हणजे बघण्यासाठी मूल मान वर करत नाही. आणि एक घास गिळून तोंड रिकामं झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. झाल्यावर निदान अर्धा तास मुलाला आडवं करू नये.

अन्न किती पातळ किंवा किती घट्ट असावं यासाठी 0 ते 7 अशा पायऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. 'थोडं घट्ट' हे प्रत्येकाच्या हातात वेगळं होतं. 'पायरी 2' मात्र आजी, शाळेतली मदतनीस आणि हॉस्पिटल या सगळ्यांकडे सारखीच राहते. मुलाची पायरी कोणती ते थेरपिस्टकडून लिहून घ्यावं.

नाकातून पोटात जाणारी नळी असेल तर प्रत्येक वेळी काही देण्याआधी ती पोटातच आहे ना हे बघावं लागतं. खोकल्याने किंवा उलटीने ती सरकू शकते. नळीतून थोडा द्रव ओढून पट्टीवर त्याची आम्लता (pH) बघतात. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. 5.5 किंवा त्याहून कमी आकडा म्हणजे नळी पोटात आहे. आम्लता कमी करणारं औषध चालू असेल तर आकडा वर जातो, अशा मुलासाठी काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं. नळीत हवा मारून पोटावर आवाज ऐकायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. ती भरवशाची नाही, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. शंका असेल तर काहीही देऊ नये. एक फीड चुकल्याने होणारं नुकसान भरून काढता येतं.

औषधं

चमच्याने औषध मोजणं आजपासून बंद करा, इतकं थेट सांगावंसं वाटतं. घरातले चमचे लहानमोठे असतात आणि प्रत्येकाचा 'भरलेला चमचा' वेगळा. तोंडाने द्यायच्या औषधाची सिरिंज मिळते, तीच वापरावी आणि डोस नेहमी मिलीमध्ये लिहावा. अर्धा मिली लिहिताना 0.5 असं लिहावं. नुसतं .5 लिहिलं तर घाईत टिंब दिसत नाही आणि मुलाला दहापट औषध जातं.

दुसरी चूक बाटलीत लपलेली असते. एकच औषध वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. समजा आधीच्या बाटलीत दर 5 मिलीला 100 मिलिग्रॅम औषध होतं आणि नव्या बाटलीत दर 5 मिलीला 200. वर नाव तेच आहे, म्हणून तुम्ही नेहमीप्रमाणे 5 मिली दिलं, तर डोस दुप्पट झाला. म्हणून कागदावर तीन गोष्टी एकत्र हव्यात: औषधाची ताकद, मिलिग्रॅम आणि मिली. नवी बाटली उघडताना ताकद वाचायची, आणि घरात दुसरं कुणी असेल तर त्यालाही वाचायला लावायची.

गोळ्या कुटून नळीतून देण्याआधी विचारावं. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर बारा तासांचं औषध एकदम शरीरात जातं. फिटचं औषध घरातलं संपलं म्हणून दोन दिवस बंद ठेवणंही धोक्याचं. अचानक बंद केल्याने मोठी, न थांबणारी फिट येऊ शकते. निदान आठवड्याचं औषध शिल्लक असतानाच नवं आणावं.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. घड्याळ महत्त्वाचं, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध द्यायचं आणि मदत बोलवायची. डॉक्टरांनी मुलासाठी लिहून दिलेल्या फिटच्या योजनेत यापेक्षा कमी वेळ असेल तर तोच पाळायचा. हे औषध कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

श्वासाची नळी आणि रात्र

ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी घशात केलेलं छिद्र) असलेल्या मुलाची हवा घशातल्या नळीतून जाते, स्वरतंतूंमधून जात नाही. त्यामुळे यांपैकी बरीच मुलं रडली तरी आवाज होत नाही. शेजारी झोपलेल्या आईलाही त्रास कळणार नाही. आणि ही नळी कफाने काही मिनिटांत बुजू शकते. म्हणून अशा मुलाजवळ कायम असं माणूस हवं ज्याला सक्शन करता येतं आणि वेळ आली तर नळी बदलताही येते. 'बघायला' बसलेलं पण न शिकलेलं माणूस या कामी उपयोगाचं नाही.

मुलाच्या सोबत एक बॅग सतत असावी, बेडपासून बाथरूमपर्यंत सुद्धा: त्याच मापाची जास्तीची नळी, एक माप लहान नळी, बांधायच्या पट्ट्या, कात्री, चार्ज केलेलं सक्शन यंत्र, वीज नसताना चालणारं हाताचं किंवा पायाचं सक्शन, आणि श्वास देण्याची हातपिशवी. लहान माप कशासाठी? नळी निसटल्यावर छिद्र आकसतं आणि मूळ माप आत जात नाही, तेव्हा लहान माप जीव वाचवतं. सक्शनची बारीक नळी (कॅथेटर) किती आत घालायची ती लांबी आधी मोजून ठरवलेली असते. अडेपर्यंत घालत राहिलं तर आतल्या नाजूक आवरणाला जखम होते. एका वेळी दहा सेकंदांच्या आत काम संपवायचं, कारण तेवढा वेळ मुलाचा श्वासही ओढला जात असतो.

आता रात्रीबद्दल. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात 0.05 टक्के मद्य असताना होते तितकी घसरते. बऱ्याच देशांत एवढ्या मद्यावर गाडी चालवायला बंदी आहे. आणि आपण अपेक्षा करतो की आईने वर्षानुवर्षं अर्धवट झोपेवर यंत्राचा अलार्म ऐकावा, डोस मोजावा आणि चुकू नये. पालकांची झोप हा मुलाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. रात्रीची मदत मागणारे पालक मुलासाठीच ती मागत असतात. शक्य असेल तिथे रात्र वाटून घ्यावी, रात्रीची औषधं संध्याकाळीच काढून, नाव-वेळ लिहून ठेवावीत, आणि रात्री दोनचा डोस खरोखर गरजेचा आहे का हे डॉक्टरांना विचारावं. कधीकधी वेळापत्रक बदलून तो टाळता येतो. हा प्रश्न विचारण्यात काहीही चूक नाही.

त्वचा, हाडं, आंघोळ

स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या मुलाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असं सांगतात. खरं अंतर मुलाची त्वचा आणि गादी बघून ठरतं. माकडहाड, टाचा, डोक्याचा मागचा भाग आणि हातापायाला आधार देणाऱ्या स्प्लिंटच्या खालची जागा रोज बघायची. बोटाने दाबल्यावर लालपणा जात नसेल तर ती बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघावं: आसपासपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतंय का.

उभं न राहणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, फिटच्या काही औषधांनी आणखी. मग डायपर बदलताना पाय जोरात ओढला एवढ्यानेही मांडीचं हाड मोडू शकतं. न बोलणारं मूल तेव्हा फक्त रडतं, आणि ते रडणं 'चिडचिड' म्हणून सोडून दिलं जातं. उचलण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकावी आणि वजन वाढलं की दोघांनी मिळून किंवा लिफ्टरने उचलावं. पालकांची पाठ गेली तर सगळी काळजीच कोलमडते.

फिट येणाऱ्या मुलाला आंघोळीत क्षणभरही एकटं सोडू नये. अगदी कमी पाण्यातही मूल बुडतं. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न मिटलेला असणं) असलेल्या मुलाला पायांत संवेदना कमी असतात, गरम पाण्याचा चटका त्याला कळत नाही. त्याला लेटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी होण्याचाही धोका जास्त, म्हणून हातमोजे आणि कॅथेटर लेटेक्स नसलेलेच घ्यावेत.

न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं

या मुलांच्या बाबतीत एक चूक डॉक्टरांकडूनही होते. मूल रडतंय, ताठ होतंय, झोपत नाही, आणि उत्तर मिळतं: 'त्याच्या आजारातच आहे ते.' मग दाताचा गळू, बद्धकोष्ठता, पोटातलं जळजळणारं आम्ल, निखळत चाललेलं खुब्याचं हाड हे सगळं महिनोन्‌महिने राहून जातं. न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं मोजण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं यांना गुण देणारी एक मोजपट्टी आहे, आणि तिच्यात पालकांनी आपल्या मुलाची खास लक्षणं भरायची असतात. एखादं मूल दुखलं की रडत नाही, गप्प होतं. दुसरं हात चावतं. हे पालकांनाच माहीत असतं, म्हणून ते लिहून ठेवायचं. त्याचा नेहमीचा दिवस कसा असतो याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ फोनमध्ये असावा. तातडीच्या विभागात अनोळखी डॉक्टरला 'आज हा वेगळा आहे' हे पटवायला त्याची फार मदत होते.

मूल वाढतं

मोठ्या माणसाची काळजी वर्षभर तशीच चालू शकते. मुलाची चालत नाही. समजा एखाद्या औषधाचा डोस दर किलोला 10 मिलिग्रॅम आहे. 12 किलोच्या मुलाला 120 मिलिग्रॅम लागतं. मूल 16 किलोचं झालं आणि डोस तोच राहिला तर त्याला गरजेच्या तीन चतुर्थांशच औषध मिळतंय. मग फिट वाढतात आणि आजार बळावला असं वाटतं. नळीचं माप, व्हीलचेअरची रुंदी, स्प्लिंट, बेडच्या कठड्यातली फट, सगळ्याचं असंच आहे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये खुब्याचं हाड हळूहळू जागेवरून सरकतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ठरावीक काळाने काढलेल्या एक्स-रेमध्येच ते कळतं. काळजीच्या प्रत्येक कागदावर तारीख आणि त्या दिवसाचं वजन हवं. कागद सहा महिने जुना झाला असेल तर तो घेऊन डॉक्टरांकडे जावं.

बाहेरचे हात

मदतनीस ठेवताना कुटुंब 'स्वभाव कसा आहे' हे बघतं. ते बघावंच, पण काम येतं का तेही बघावं. शिकवायची पद्धत साधी आहे: आधी तिने बघायचं, मग तुमच्यासमोर करायचं, मग तुम्हाला शिकवून दाखवायचं. 'समजलं ना?' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. 'नळी निसटली तर सगळ्यात आधी काय कराल?' या प्रश्नाचं उत्तर खरं काय ते सांगतं.

इथे एक जड विषय टाळून चालणार नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आढाव्यात दिसलं की दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत 3.7 पट असते. त्यांचे कपडे, आंघोळ, डायपर अनेक हात करतात, विरोध करायची त्यांना सवय नसते, आणि सांगायला शब्द नसतात. म्हणून बोलण्याच्या तक्त्यावर खाणं-पिणं-खेळ एवढीच चित्रं ठेवून भागत नाही. शरीराच्या सगळ्या भागांची नावं, 'नको', 'थांब', 'दुखलं', 'मला सांगायचं आहे' हेही हवं. लहानपणापासून प्रत्येक वेळी अंगाला हात लावण्याआधी मुलाला सांगावं, थांबावं, त्याच्या होकाराची वाट बघावी. ठरावीक माणूस आल्यावर मूल आकसत असेल, ज्यांचं कारण कळत नाही असे वळ दिसत असतील, झोप बिघडली असेल, तर ते गंभीरपणे घ्यावं. घरातल्याच कुणाबद्दल असेल तरीही.

आणि बालपण

सुरक्षिततेची काळजी इतकी वाढू शकते की मुलाला खोलीबाहेर नेणंच थांबतं. संसर्ग होईल, नळी निघेल, फिट येईल. भीती खरी असते. पण चार भिंतींत वाढलेल्या मुलाचं नुकसानही खरंच असतं, ते फक्त कुठल्या चार्टवर लिहिलं जात नाही. कॅनडातले पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गॉर्टर यांनी 2012 मध्ये मुलांच्या दिव्यांगत्वाकडे बघताना क्रियाशीलता, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य या सहा गोष्टी धराव्यात असं मांडलं. तपासणीच्या वेळी डॉक्टर वजन आणि फिटबद्दल विचारतात. तुम्ही मित्रांबद्दल विचारा. हा मैदानात जाऊ शकेल का? शाळेच्या सहलीला जायचं तर काय तयारी लागेल?

या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा 'हो, पण' अशी असतात, आणि त्या 'पण'च्या पुढची यादी करता येते. कोण सोबत जाईल, त्याला सक्शन येतं का, बॅटरी किती तास चालते, जवळचं हॉस्पिटल कुठे आहे. एका पानावर मुलाचं निदान, औषधं मिलिग्रॅम आणि मिलीसह, ॲलर्जी, नळीचं माप, नेहमीची ऑक्सिजनची पातळी, फिटची योजना आणि दोन फोन नंबर लिहिलेले असावेत. त्याची एक प्रत बॅगेत, एक शाळेत, एक फोनमध्ये. हे पान आणि ती बॅग तयार असेल, आणि आईशिवाय आणखी एक माणूस शिकलेलं असेल, तर सहलीला मूल जाऊ शकतं आणि त्या दिवशी आई झोपू शकते.